एक जण मागून येत आहे

१

माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं एकाच रस्त्यावर बस चालवली. पाटीवर त्याला ‘वारसा मार्ग’ म्हणायचे. डेपोतले लोक ‘पाच थांबे’ एवढंच म्हणायचे. जुना जकात नाका, नऊ कमानींचा पूल, दगडी धान्यकोठार, टांकसाळ आणि शेवटी समुद्राकाठचा दीपस्तंभ. एकशे बारा किलोमीटर. रस्ता डोंगराच्या कडेकडेनं जातो, खाली दरी आणि पलीकडे पाणी. लोक लांबलांबून तो बघायला यायचे आणि बाबा त्यांना दाखवायचे.

आई त्या बसमध्ये एकदाही बसली नाही. घरच्यांसाठी वर्षातून दोनदा पास मिळायचा. दर वर्षी बाबा म्हणायचे, “सुट्टीच्या दिवशी परत तोच रस्ता? तू मला मारणार आहेस का? पुढच्या वर्षी जाऊ.” त्यांचं चूक होतं असं मला तेव्हा वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. आठवड्यातले सहा दिवस जे करायचं, तेच सातव्या दिवशी कोण करेल? आईही हट्ट करणाऱ्यातली नव्हती. प्रवाशांनी बसमध्ये टाकून दिलेली माहितीपत्रकं बाबा घरी आणायचे, ती आई वाचायची. पुलाला किती कमानी, कोठारात किती धान्य मावायचं, हे तिला बाबांपेक्षा चांगलं पाठ होतं.

बाबा निवृत्त झाले आणि दोन वर्षांत त्यांचे डोळे गेले. अगदी अंधार नव्हता. समोरचं पुसल्यासारखं झालं होतं, कडेला थोडा धूसर उजेड. मग आईचं आजारपण आलं. ती गेली त्याला पाच महिने झाले, तेव्हा एका सकाळी बाबा म्हणाले, “मला एकदा त्या रस्त्यानं ने.”

“दिसणार काय आहे तुम्हाला?”

“तू बघ आणि मला सांग. एवढी वर्षं मी लोकांना सांगत आलो. आता मला कुणीतरी सांगू दे.”

मी रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. शनिवारची सुट्टी टाकली.

२

आमची गाडी जुनी, राखाडी. मागचा बंपर एका बाजूनं सुटलेला, तो मी तारेनं बांधला होता. बाबा पुढे बसायला तयार नव्हते. “पुढे बसलो की पाय ब्रेक शोधतो. मागे बसतो. प्रवासी आहे मी आज.”

जकात नाक्याच्या खिडकीत एक चष्मेवाला तिकीट-कारकून होता. मी दोन तिकिटं मागितली. तो माझ्याकडे बघत राहिला.

“अजून दोन?”

“दोनच. अजून म्हणजे?”

“मघाशी घेतलीत ना तुम्ही? तुमचं आणि तुमच्या आईंचं.” त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “तासभर झाला असेल. संध्याकाळपर्यंत चालतात ती. वडिलांचं एकच काढा.”

“आम्ही आत्ताच येतोय.”

“असं होय,” तो म्हणाला आणि तिकिटं फाडली. “मग दुसरं कुणी असेल. दिवसभर माणसंच बघतो मी, बाई. संध्याकाळी घरी गेलो की बायकोसुद्धा ओळखीची वाटते.”

मी हसले. आमच्याकडे एकाच नावाच्या, एकाच वयाच्या दोन बायकांचे नमुने एका सकाळी आलेले मी कितीदा तरी पाहिलेत. असं झालं की आपण घाबरत नाही, नंबर ताडून बघतो. माझ्या वयाची बाई, म्हातारी आई, शनिवार. यात ताडून बघण्यासारखंही काही नव्हतं.

पुलावर बाबा मजेत होते. कठड्यावर हात ठेवून चालत होते आणि मी सांगत होते: पाणी खाली गेलंय, तिसऱ्या कमानीत झाड उगवलंय, नवीन रेलिंगला निळा रंग दिलाय.

“निळा?” बाबा म्हणाले. “कुणाच्या डोक्यातून आलं हे?”

“छान दिसतोय.”

“खोटं बोलू नकोस. आंधळ्या माणसाशी खोटं बोलणं फार सोपं असतं, म्हणून बोलू नये.”

“बरं. भयानक दिसतोय.”

ते खुश झाले. मग म्हणाले, “तिला नऊच्या नऊ कमानी मोजायच्या होत्या. बसमधून आठच दिसतात. नववी बघायला उतरावं लागतं.”

मी मोजल्या. नऊ होत्या. त्यांना तसं सांगितलं.

३

धान्यकोठार म्हणजे एक लांबलचक दगडी दालन. खिडक्या नाहीत, वर फक्त झरोके. आत गेलं की उन्हाचा आवाज बंद होतो असं वाटतं. आपली पावलं आपल्याच मागून चालत येतात. बाबांना तिथला गारवा आवडायचा. त्यांना दाराजवळच्या बाकावर बसवून मी वहीत नाव लिहायला गेले.

दाराशी एक मोठी नोंदवही असते. नाव, किती माणसं, वेळ, अभिप्राय. राखणदार बाई खुर्चीत बसून काहीतरी विणत होत्या. मी पेन उचललं आणि वरची ओळ वाचली.

नाव माझं होतं.

माझ्या नावाच्या बायका असू शकतात. पण मी दिवसाला शे-दीडशे अहवालांवर सही करते. माझ्या सहीतल्या शेवटच्या अक्षराची शेपटी उलटी वळते, कारण लहानपणी हात मोडला होता आणि बोट नीट बसलं नाही. ती शेपटी तिथं होती. माणसं: दोन. वेळ: अकरा चाळीस. अभिप्रायाच्या रकान्यात लिहिलं होतं: एक जण मागून येत आहे.

माझ्या घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

मी बोट फिरवून बघितलं. शाई वाळलेली होती. मी स्वतःला म्हटलं, लक्ष नसताना आत्ताच लिहिलं असशील. पाच महिने झोप धड नाही, माणसाच्या हातून असं होतं. पण मग पंचवीस मिनिटांपूर्वीची वेळ मी का घालीन?

“बाई,” मी राखणदार बाईंना हळूच विचारलं, “ही कोण होती?”

त्यांनी सुया थांबवल्या. वहीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. “तुम्हीच ना? आईंना हात धरून आत आणलंत. त्या सगळीकडे फिरल्या. धान्य किती मावायचं ते मला त्यांनीच सांगितलं. मला माहीत नव्हतं.” मग बाकाकडे बघून त्या म्हणाल्या, “आले वाटतं मागचे.”

“काय गं?” बाबांनी बाकावरून विचारलं. “काय लिहिलंय लोकांनी? पूर्वी फार गमतीचं लिहायचे.”

“काही नाही. नुसती नावं आहेत,” मी म्हणाले.

मी सही न करताच बाहेर आले.

४

टांकसाळीला थांबायचंच नाही असं मी ठरवलं होतं. बाबांना म्हणणार होते की आज बंद आहे. पण फाटकातला म्हातारा पहारेकरी बाबांना लांबूनच ओळखून धावत आला आणि त्यानं गाडीचं मागचं दार उघडलं.

“वस्ताद. अहो वस्ताद.”

डेपोत आणि रस्त्यावर बाबांना सगळे वस्तादच म्हणायचे. दोघांनी एकमेकांचे हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

“शेवटी आणलंत म्हणायचं वहिनींना,” पहारेकरी म्हणाला. “निवृत्तीच्या समारंभात मी म्हटलं होतं, आता तरी आणा. आज बघितलं तर दारात उभ्या. मला नावानं हाक मारली. म्हटलं, वस्ताद कुठंयत? म्हणाल्या, येतायत मागून.”

बाबांचा चेहरा मला आरशात दिसत होता.

“कधी?” त्यांनी विचारलं.

“दहा मिनिटं झाली असतील फार तर. मुलगी...” तो माझ्याकडे वळला आणि थांबला. त्याचा हात अजून बाबांच्या हातात होता, तो त्यानं हळूच काढून घेतला. “मुलगी चालवत होती,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “दीपस्तंभाकडे गेल्या.”

त्याला आई गेल्याचं कुणी कळवलं नव्हतं. मी कळवलं नाही. बाबांनीही कळवलं नाही.

“जरा वेगानं घे,” गाडी सुरू झाल्यावर बाबा म्हणाले.

“बाबा, माणसं चुकतात. म्हातारा झालाय तो.”

“माझ्याच वयाचा आहे.”

“तेच म्हणतेय मी.”

“अगं, तो तिच्या हातचं जेवलाय. तिला तो ओळखतो. आणि तिनं त्याला नावानं हाक मारली. त्याचं नाव तुला माहीत आहे? मला माहीत आहे आणि तिला माहीत होतं. बाकी सगळे त्याला पहारेकरीच म्हणतात.”

मी गिअर बदलला.

“नाक्यावर काय बोलत होता तो खिडकीतला? मी गाडीत होतो, पण काच खाली होती.”

“काही नाही.”

“आणि वहीत काय होतं?”

“बाबा, पुरे.”

“मी घाबरलेलो नाही,” ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला होता, तरुण माणसासारखा. “तू पण घाबरू नकोस. ती तुझी आई आहे.”

मला हेच तर कळत नव्हतं. आई असेल तर घाबरायचं कशाला? पण मला आईची भीती वाटत नव्हती. मला त्या मुलीची भीती वाटत होती.

५

शेवटचे अकरा किलोमीटर रस्ता सुळक्यासारख्या चिंचोळ्या कड्यावरून जातो. एक वळण घेतलं की पुढची तीन वळणं दिसतात. दुपारचे दोन वाजले होते. स्वच्छ ऊन, सावली कुठं नाही. दुसऱ्या वळणावर मला ती गाडी दिसली.

राखाडी. मागचा बंपर एका बाजूला तारेनं बांधलेला.

मी वेग कमी केला. तीही हळू झाली असावी, कारण अंतर वाढलं नाही.

“काय दिसतंय?” बाबांनी विचारलं.

“समुद्र. खडक. पक्षी बसलेत.”

“रस्त्यावर?”

“रस्ता रिकामा आहे.”

दीपस्तंभापाशी रस्ता संपतो. खडी टाकलेलं एक मैदान, त्याच्या कडेनं ठेंगणी भिंत, पलीकडे पाणी. शनिवार असून तिथं दुसरं कुणी नव्हतं. ती गाडी भिंतीपाशी आडवी उभी होती. इंजिन चालू होतं. मागचं, आमच्या बाजूचं दार सताड उघडं होतं.

मी पन्नास पावलांवर थांबले.

पुढच्या सीटवर आई बसली होती. तिच्या अंगात तो मोहरीच्या रंगाचा स्वेटर होता, जो मी तिच्या बाकीच्या कपड्यांबरोबर बांधून देऊन टाकला होता. आजारी दिसत नव्हती. चेहरा भरलेला होता, केस वाऱ्यानं विस्कटले होते. चांगली लांबची सहल करून आल्यावर माणूस दिसतं तशी दिसत होती. ती शेजारच्या बाईला काहीतरी सांगत हसत होती. ती बाई स्टिअरिंगवर हात ठेवून तिच्याकडे वळली होती, म्हणून मला तिचा खांदा आणि मागचे केस तेवढे दिसत होते. माझी निळी ओढणी. माझी केसांची पिन.

मग आईनं मान वळवून आमच्याकडे पाहिलं. तिनं हात केला नाही, बोलावलं नाही. तिनं फक्त मागे वाकून मागच्या सीटवरची पिशवी उचलली आणि आपल्या मांडीवर घेतली. बस भरत आली आणि कुणी चढताना दिसलं की आपण घेतो, तशी.

“पोचलो ना?” बाबा म्हणाले. “कोण आहे?”

“कुणी नाही,” मी म्हणाले.

“गाडी आहे. इंजिन ऐकू येतंय.”

“वारा आहे, बाबा.”

“एकतीस वर्षं इंजिनं ऐकलीत मी. ही आपल्यासारखीच गाडी आहे. आपल्यासारखीच खडखडतेय.” त्यांचा हात दाराच्या कडीवर गेला. “दोन मिनिटं थांब. मी उतरून उभा राहतो. बाकी काही करत नाही.”

स्टिअरिंगवरची बाई आता मान वळवायला लागली होती. सावकाश, आईनं काहीतरी दाखवल्यासारखी. गालाची कड दिसली.

मी बटण दाबलं आणि चारही दारांची कुलुपं एकदम लागली. त्या छोट्याशा आवाजानं बाबा दचकले. मग मी गाडी मागे घेतली, वळवली आणि निघाले. आरशात बघितलं नाही.

बाबा ओरडले नाहीत. त्यांनी कडीवरचा हातही काढला नाही. घर येईपर्यंत तो हात तिथंच होता.

६

त्यानंतर बाबा माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. ते वेळेवर जेवायचे, रेडिओ ऐकायचे, मी कामावरून आले की “दमलीस का?” विचारायचे. फक्त एक गोष्ट त्यांनी बंद केली. पूर्वी ते खिडकीशी बसून सारखं विचारायचे: कोण चाललंय गं, कुठली गाडी आहे, पाऊस येईलसं वाटतंय का? आता विचारत नव्हते. मी आपणहून सांगायला लागले तर “हो का,” म्हणायचे. माझ्या डोळ्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता आणि दुसरे डोळे त्यांच्याकडे नव्हते.

मी पहारेकऱ्याला फोन करून आई गेल्याचं सांगितलं. तो म्हणाला, “पोरी, मी काही बघितलं नाही असं समज.” मी तसं समजायचा प्रयत्न केला. प्रयोगशाळेत नमुने ताडून बघताना मी तो दिवसही ताडून बघायचे. थकवा, ऊन, पाच महिन्यांचं दुःख, एकानं चुकून म्हटलं म्हणून दुसरीला दिसलं. एकेक करून सगळं जुळवता यायचं. ती पिशवी तेवढी जुळत नव्हती. मला भासच व्हायचा होता तर आई मला दिसली असती, माझ्यासाठी हसली असती. तिनं पिशवी उचलली ती माझ्यासाठी नव्हती.

बाबा बारीक होत चालले. डॉक्टर म्हणाले, वय आहे. पँटी कमरेला सैल झाल्या, त्या मी तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे आत घ्यायला दिल्या.

सात महिन्यांनी एका दुपारी मी त्यांची नखं कापत होते. ते पलंगावर बसले होते, मी खाली. मान खाली होती म्हणूनच मला बोलता आलं असेल.

“बाबा, तिथं गाडी होती.”

“माहीत आहे.”

“आई होती.”

त्यांचं बोट माझ्या हातात होतं, ते जरासं हललं. “कशी दिसत होती?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं: स्वेटर, केस, हसणं. ते ऐकत होते, पुलावर ऐकत होते तसे.

“चालवत कोण होतं?”

“मी,” मी म्हणाले. “म्हणजे माझ्यासारखी. मी तोंड बघितलं नाही.”

“आणि मी? मी होतो का गाडीत?”

“नाही. मागची सीट रिकामी होती. दार उघडं होतं. आईनं सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.”

नखं कापून झाली तरी मी त्यांचा हात सोडला नाही.

“म्हणजे जागा होती,” ते म्हणाले.

त्यात तक्रार नव्हती. मला माफ केल्याचंही त्यात काही नव्हतं. रस्त्याची माहिती विचारून घ्यावी आणि ती मिळावी, तसे ते बोलले. मग म्हणाले, “पडतो जरा,” आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

७

याला अकरा दिवस झाले. गुरुवार होता. मी कामावरून लवकर आले होते. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते, म्हणून दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात चहा ठेवला. पाणी उकळायच्या आत घंटी वाजली.

शिंपीणबाई होत्या. हातात बाबांच्या दोन पँटी, इस्त्री करून घडी घातलेल्या. मला बघून त्या एक पायरी मागे सरकल्या.

“तू वर कधी आलीस?” त्यांनी विचारलं.

“अर्धा तास झाला.”

“नाही गं. आत्ता. आत्ता तर तू बाबांना घेऊन खाली उतरलीस. मी मशीनवरून हाक मारली, म्हटलं पँटी तयार आहेत, तर मान हलवून पुढे गेलीस. मला वाटलं दवाखान्यात नेतेयस, घाईत असशील. मग म्हटलं आपणच वर नेऊन ठेवू, शेजारीण घेईल.” त्या माझ्या खांद्यावरून आत बघत होत्या. “बाहेर तुमची गाडी होती. पुढे कुणी बाई बसल्या होत्या. मला पाठमोऱ्या होत्या.”

मी त्यांना तिथंच ठेवून खोलीत गेले. बाबा पलंगावर होते. आता तोंड दाराकडे होतं. पांघरूण नीट घडी करून पायथ्याशी ठेवलेलं होतं, त्यांची कधीच सवय नव्हती तसं. मी मनगट धरलं. रोज तेच करते मी, शीर शोधते. मला फार वेळ लागला नाही. हात अजून ऊबदार होता.

खिडकीतून रस्ता दिसतो. मी तिकडे गेले नाही.

बाहेर आले तेव्हा शिंपीणबाई दारातच उभ्या होत्या, पँटी छातीशी धरून. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी काही विचारलं नाही. आमचा जिना अरुंद आहे आणि मधल्या मजल्यावरच्या दोन पायऱ्या तुटल्यात. बाबा तिथं नेहमी अडखळायचे.

“मावशी,” मी विचारलं, “मी त्यांचा हात धरला होता का? जिन्यावर?”

“धरला होतास की,” त्या म्हणाल्या. “एकेक पायरी सांगत होतीस त्यांना.”